न हललेला फोटो

आण्णांच्या तोंडून दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा काय यायचं, तर "हलू नका." आमचा फोटो स्टुडिओ शिवाजी पेठेत अगदी रस्त्याला लागून होता आणि मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. मधे नुसता एक निळा पडदा. अलीकडे मी बीजगणितात डोकं घालून बसलेली असले तरी पलीकडून, "पावणं, हनुवटी जरा खाली. हां. हलू नका," हे ऐकू यायचंच, आणि मीसुद्धा पेन्सिल तशीच धरून क्षणभर थांबायचे. आईची फोडणी तेवढी कुणासाठी थांबत नसे. कांदा-लसणीच्या चटणीचा ठसका पडद्याखालून स्टुडिओत शिरायचा आणि ऐन वेळी गिऱ्हाईक शिंकायचं. मग आण्णा ओरडायचे, "अगं, फिल्म वाया गेली की!" आणि आई आतून, "मग जेवू नका," म्हणून मोकळी व्हायची. आता मुलाच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला चिमणी बसवलेली आहे, कसला वास कुठे जात नाही. सोय चांगली आहे. फक्त घरात आज काय शिजलंय ते विचारावं लागतं.

फोटो काढायचे आण्णा, पण फोटो पुरा व्हायचा तो दोघांच्या हातून. निगेटिव्ह वाळली की आण्णा ती उताराच्या काचेच्या डेस्कवर ठेवायचे, काचेखाली दिवा, आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं चेहऱ्यावर काम सुरू करायचे. देवीचे व्रण, कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्या पेन्सिलीखाली जायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं, त्यामुळे जिथे पेन्सिल फिरते तिथे कागदावर उजळ उमटतं. पेठेतल्या निम्म्या मुलींची लग्नं माझ्या पेन्सिलीनं जमवली, असं ते म्हणायचे, आणि यात फुशारकी होती तरी खोटं फारसं नव्हतं. कागदावर छापून आलेल्या फोटोवर मग आई बसायची. बारीक ब्रश जिभेला लावून टोक करायची आणि राहिलेले ठिपके बुजवायची, आण्णांच्या पेन्सिलीची एखादी रेघ उमटलेली असली तर तीही मिटवायची. आण्णांचं उजव्या हाताचं एक बोट लहानपणी मोडून वाकडं बसलं होतं, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक रेघेला उजवीकडे एक इवलंसं शेपूट फुटायचं. दुसऱ्या स्टुडिओतली निगेटिव्ह चुकून आमच्यात मिसळली, तर आई नुसती उजेडाला धरून, "हे आपलं न्हवं," म्हणून बाजूला काढायची. शेवटचं काम कटरचं. लाकडी फळीला बसवलेलं ते लांब पातं खाली आलं की खच्च असा आवाज व्हायचा आणि फोटोची कड सरळ निघायची. कटर आईचा. तो आवाज आला की आण्णांना आतल्या अंधाऱ्या खोलीतही कळायचं की ऑर्डर पुरी झाली.

मी दहा वर्षांची असताना ते मोठं सूर्यग्रहण लागलं. गावातले रस्ते भर दुपारी ओस पडले होते, दारं-खिडक्या लावून माणसं आत बसली होती. आई पोटुशी होती, सहावा महिना. ग्रहणात पोटुशा बाईनं काही चिरायचं नाही, कापायचं नाही, नाहीतर पोटातल्या मुलाला कापल्याची खूण राहते, हे आमच्याकडे घरोघरी मानत. आईही मानत होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नाचे फोटो द्यायचे होते आणि ढीग तसाच पडला होता. आण्णांना ग्रहणाचा फोटो काढायचा ध्यास लागलेला, ते गच्चीवर कॅमेरा लावून बसले होते. तिथूनच त्यांनी खाली हाक दिली, "अगं, आटपून टाक तेवढं. कसलं गिराण घिऊन बसलीयास!" आई थोडा वेळ तशीच बसली आणि मग तिनं कटर ओढला. खच्च, खच्च असा तो आवाज त्या सामसूम दुपारी फार मोठा वाटला. मी शेजारी बसून कापलेल्या पांढऱ्या पट्ट्या गोळा करत होते.

मेमध्ये नंदू झाला. बाळंतपणाला मलकापूरहून आत्ती, म्हणजे आण्णांची थोरली बहीण, आली होती. तीन-चार महिने गेले तरी नंदू मान धरेना, मुठी उघडेना, अंगाला तेल लावायला घेतलं की लाकडासारखा ताठ व्हायचा. एक दिवस आत्तीनं आईला समोर बसवलं आणि विचारलं, "खरं सांग. गिराणात काय कापलंतंस का?" आईला खोटं बोलता यायचं नाही, निदान तेव्हा तरी. ती म्हणाली, "व्हय." आत्ती नंदूच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. आण्णा पडद्याजवळ उभे होते. "मीच सांगितलं होतं" हे त्यांनी त्या वेळी म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत, आणि आईनंही "ह्यांनीच सांगितलं" असं तेव्हा किंवा पुढे कधीही म्हटलं नाही. त्या दिवसापासून तिनं कटरला हात लावला नाही. कापायचं काम माझ्याकडे आलं आणि माझ्या कडा नेहमी वाकड्या जायच्या. आई सोमवार धरायची, शनिवार धरायची, अनवाणी अंबाबाईला जायची. या सगळ्याचा अर्थ घरात प्रत्येकाला ठाऊक होता. नंदूचं आपल्यामुळे असं झालं, ही गोष्ट तिनं पदरात बांधून घेतली होती.

नंदूबद्दल लिहायला बसले की हात थांबतो. लोकांना वाटतं, असं मूल असलेल्या घरात सदा सुतक असतं. आमच्या घरात नंदूइतकं हसणारं कुणी नव्हतं. त्याला चावता येत नसे, म्हणून आई त्याच्यासाठी ताकातल्या कण्या करायची. जोंधळ्याचा भरडा मऊ शिजवून, वर ताक आणि जिऱ्याची फोडणी. एक-एक घास भरवायला तास जायचा, निम्मं हनुवटीवरून ओघळायचं, आणि मधेच नंदूला कसली तरी गंमत वाटून तो खो-खो हसायचा की उरलेलं भरवणाऱ्याच्या अंगावर. मला त्या कण्यांचा इतका कंटाळा होता! आता कुणी ताकातल्या कण्या केल्या तर मी दोन वाट्या खाते आणि तिसरी मागते. शेजारचे फ्रेमवाले हमीदचाचा, आण्णांचे जुने दोस्त, त्यांनी फ्रेमच्या लाकडाचीच नंदूला एक खुर्ची करून दिली होती. दोन्ही बाजूंना टेकू, पुढे फळी आणि पाठीला सोनेरी नक्षीची पट्टी. "राजा आहे, सोनेरी पाहिजेच," असं ते म्हणायचे. त्या खुर्चीत बसून नंदू दिवसभर पडद्यापलीकडचं ऐकायचा. मोठा आवाज झाला की त्याचे दोन्ही हात एकदम वर उडायचे, डोळे विस्फारायचे, आणि आपण किती दचकलो याचंच त्याला हसू यायचं.

एवढ्या मोठ्या फोटोग्राफरच्या पोराचा एक धड फोटो मात्र घरात नव्हता. आण्णांचे मोठे बल्ब, लाकडी कॅमेरा, सगळं जुनं, आणि त्यापुढे माणसानं क्षणभर तरी स्थिर राहायला हवं. नंदूला ते जमत नसे. स्थिर राहा म्हटलं की त्याचं अंग आणखीच वळायचं. फ्लॅश वापरला तर इतका घाबरायचा की संध्याकाळपर्यंत कण्हत राहायचा. डझनभर फोटो काढले असतील, सगळ्यांत खुर्ची स्वच्छ, सोनेरी पट्टी स्वच्छ आणि मधे नंदूच्या जागी पांढुरका फराटा. आण्णा ते फोटो फाडत नसत, पेटीत टाकून ठेवत.

तो पाच वर्षांचा झाला तेव्हा कुणीतरी सांगितलं की पुण्याला नवीन मशीन आलंय, डोक्याच्या आतला फोटो काढतं, काप काढल्यासारखा एकेक थर दाखवतं. आण्णांनी ते ऐकलं आणि त्यांच्यातला फोटोग्राफर आणि बाप दोघंही एकदम उठून बसले. आई मात्र काळीठिक्कर पडली. काप हा शब्दच तिला सोसला नसावा. "मी येत न्हाय. तुमी जावा," ती म्हणाली. "का गं?" आण्णांनी विचारलं. "आत काय कापलं असंल तर दिसंल की त्यात. मला न्हाय बघायचं." आणि लगेच दुसऱ्या श्वासाला म्हणाली, "पर आल्यावर मला फिल्म दावायची. लपवायचं न्हाय." म्हणजे तिला बघायचं नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवणारही नव्हतं. मी नववी संपवून दहावीत जाणार होते, सुट्टी होती, म्हणून नंदूला धरायला मी गेले. आईनं धपाटे बांधून दिले, नंदूसाठी कण्यांचा डबा दिला, आणि एस.टी. सुटेपर्यंत खिडकीशी उभी राहून नंदूचा पाय धरून ठेवला.

पुण्यात त्या खोलीत गारठा होता आणि मशीन म्हणजे मोठ्या गोल भोकाचं पांढरं धूड. नंदूला झोपेचं औषध पाजलं, तरी तो अर्धवट जागाच. टेबल आत सरकलं, घरघर सुरू झाली आणि त्याचे हात उडाले. काचेपलीकडचा माणूस कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "हलला. परत घ्यावा लागेल." दोनदा असंच झालं. मग आण्णांनी विनवणी केली, त्यांना जड शिशाचा एप्रन घातला आणि ते आत गेले. मी काचेतून बघत होते. त्यांनी नंदूचं डोकं दोन्ही तळहातांत धरलं, ओणवे झाले आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलत राहिले. मला ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून कळत होतं. "हलू नको राजा. हलू नको. झालंच." आयुष्यभर परक्या माणसांना सांगितलेलं ते वाक्य नंदूनं त्या दिवशी पहिल्यांदा मानलं आणि तो निजला.

दुपारी डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. पासपोर्ट फोटोएवढ्या बारा चौकटी, प्रत्येकीत आक्रोड फोडल्यासारखा नंदूच्या मेंदूचा एकेक काप. त्यातल्या पाच चौकटींत डाव्या बाजूला एक काळी खाच होती, बाहेरून सरळ आत गेलेली, आणि उजवीकडे तशीच एक धाकटी. मला काही कळत नव्हतं, पण मी कटर चालवणारी होते. ती कड मला ओळखीची वाटली. डॉक्टर चांगले होते. त्यांनी सावकाश समजावलं. काळं दिसतंय तिथे मेंदू तयारच झालेला नाही, तिथे पाणी आहे. ती जागा भरून येणार नाही, पण वाढणारही नाही. व्यायाम करा, बोलत राहा, शिकेल तेवढं शिकवा. मग ते म्हणाले, "आणि हे बाळंतपणात झालेलं नाही बरं का. पोटात असतानाच, साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास. त्यामुळे सुईणीला, डॉक्टरला कुणालाच दोष देऊ नका. घरी जाऊन आईला अवश्य सांगा, तिच्या मनावरचं ओझं उतरेल." आण्णांनी मान हलवली. सहावा महिना! त्या भल्या माणसाला कुठून कळावं की आमच्या घरात त्या महिन्यात काय झालं होतं.

परतीच्या गाडीत कराड मागे पडलं. तेव्हा आण्णांनी पाकिटातून फिल्म काढली, खिडकीच्या उजेडाला धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग टाइप केलेला इंग्रजी रिपोर्ट माझ्या हातात दिला. "हा तुझ्याजवळ ठेव. आईला दावायचा न्हाय. सहाव्या महिन्याचं तर बोलायचंच न्हाय. शपथ घे माझी." मी शपथ घेतली. घरी पोचलो तर आई दारातच. "फिल्म?" आण्णा म्हणाले, "धुवून वाळायची हाय अजून. दोन दिवसांनी पार्सलनं येतीया." फिल्म धुवावी लागते, वाळावी लागते, हे त्या घरात सगळ्यांना माहीत, त्यामुळे थाप बिनबोभाट खपली. आईनं नंदूला कडेवर घेतलं आणि त्याचं डोकं हुंगलं.

पुढचे दोन दिवस दुपारी स्टुडिओ बंद असायचा त्या वेळात आण्णांनी मला अंधाऱ्या खोलीत नेलं. लाल दिव्याखाली त्यांनी पुण्याच्या फिल्मवर कोरी फिल्म दाबून तिची उलट प्रत काढली. मी नेहमीसारखी ट्रे हलवत होते. औषधात चित्र उमटत गेलं आणि सगळं उलटं झालं, काळी खाच आता काचेसारखी पारदर्शक. ती वाळल्यावर आण्णांनी डेस्कखालचा दिवा लावला, पेन्सिलीला टोक काढलं, आणि मला कळलं ते काय करणार आहेत. ज्या हातानं त्यांनी पेठेतल्या मुलींचे व्रण बुजवले, त्याच हातानं ते नंदूच्या डोक्यातली जागा भरत होते. पाच चौकटी, त्यात दोन-दोन खाचा. भिंग डोळ्याला लावून, श्वास रोखून. आजूबाजूला मेंदूच्या जशा वळ्या दिसत होत्या, तशाच वळ्या ते काढत गेले. मधेच थांबून डोळे पुसायचे आणि मला म्हणायचे, "पेन्सिलीची भुकटी जाती डोळ्यात." दुसऱ्या दिवशी त्या प्रतीची पुन्हा सुलट फिल्म निघाली. खाच कुठेच नव्हती. नंदू बरा असता तर असा दिसला असता. मी ती फिल्म हातात घेतली आणि मला इतकं रडू आलं की आण्णांनी माझ्या हातातून ती काढून घेतली. ओल्या फिल्मवर डाग पडला असता.

आईनं फिल्म पडद्याजवळ उभ्यानंच घेतली आणि सरळ डेस्कवर नेली. दिवा लावला, पदरानं काच पुसली आणि वाकून बघायला लागली. आण्णा तिच्या मागे, मी आण्णांच्या मागे. "बघ. कुठं कापल्यागत दिसतंय का? सगळं सलग हाय. नसा आखडल्यात म्हणत्यात नुसत्या," आण्णा म्हणाले. आईनं भिंग घेतलं. फार वेळ बघितलं. एकेका चौकटीवर भिंग थांबायचं आणि पुढे सरकायचं. शेवटी तिनं दिवा बंद केला. "न्हाय," ती म्हणाली, "कुठं काय न्हाय." आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. आण्णा त्या दिवशी शीळ घालत होते. मला आण्णांचा अभिमान वाटला, आणि आईला फसवल्याची लाजही.

चार दिवसांनी आण्णा राधानगरीला लग्नाचे फोटो काढायला मुक्कामी गेले. सकाळी आई म्हणाली, "नंदूला घे. दवाखान्यात जायचं हाय. आणि कागद घे." मी म्हटलं, "कुठला कागद?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी भूगोलाच्या पुस्तकाचं कव्हर काढून रिपोर्ट तिच्या हातात दिला. शपथ तिथेच मोडली. आमचे डॉक्टर मूळचे जयसिंगपूरचे, म्हातारपणाकडे झुकलेले, नंदूला जन्मापासून बघणारे. त्यांनी फिल्म पेटीवर लावली, रिपोर्ट वाचला, पुन्हा फिल्म बघितली. चष्मा पुसला. "हे जुळत नाही," ते म्हणाले. "इथं लिहिलंय एक, आणि फिल्ममध्ये काहीच नाही. नाव तर नंदूचंच आहे. पुण्याला काहीतरी घोटाळा झालेला दिसतोय, कळवायला पाहिजे." माझे कान तापले. आई शांतपणे म्हणाली, "घोटाळा न्हाय, डॉक्टर. ती फिल्म आमच्या ह्यांनी हातानं केल्याली हाय. तुमी कागदावरनं सांगा."

डॉक्टरांनी पेटीचा दिवा बंद केला. मग त्यांनी सगळं सांगितलं, पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच. आईनं एकच विचारलं, "कुठल्या महिन्यात?" ते म्हणाले, "सहावा. थोडं इकडंतिकडं." आई म्हणाली, "गिराण सहाव्यातच हुतं. मी फोटो कापलं हुतं." डॉक्टर हसतील, रागावतील, असं मला वाटलं. ते थोडा वेळ नंदूच्या मुठीशी खेळत बसले. "वहिनी, त्या ग्रहणात आमची मंडळी पण पोटुशी होती. माझ्या आईनं तिला चटईवरनं हलू दिलं नाही. सुरी नाही, कात्री नाही, घोटभर पाणी नाही. मी डॉक्टर असून गप्प बसलो. तरी आमचं मूल राहिलं नाही. आता तुम्हीच सांगा, तिनं काय कापलं होतं?" आईच्या तोंडून, "अगं आई गं," एवढंच निघालं. ते पुढे म्हणाले, "एका जागी रक्त पोचलं नाही. का पोचलं नाही, ते मलाही माहीत नाही. माहीत असतं तर सांगितलं असतं." आईनं पदर सावरला. "पटतंय डॉक्टर," ती म्हणाली, "पर उतरत न्हाय."

येताना ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. नंदू तिच्या मांडीवर, ऊन तोंडावर घेऊन हसत होता. मी विचारलं, "तुला कधी कळलं?" "बघितल्या बघितल्या. परतेक रेघंला शेपूट उजवीकडं. वीस वर्सं त्येंच्या रेघा पुसत आलोय मी, मला कळायचं न्हाय व्हय?" "मग काही नाही असं का म्हणालीस?" तिनं नंदूची हनुवटी पदरानं पुसली. "किती बारीक काम केल्यालं बघितलंस? पाच चौकटी. डोळं गेलं असतील त्येंचं. गिराणात कापायला त्येंनी सांगितलं, ते त्येंच्या मनातनं जात न्हाय. त्येंचं तरी जाऊ दे." मग माझ्या हनुवटीला धरून म्हणाली, "मला कळलंय, हे त्येंना सांगायचं न्हाय. माझी शपथ." अशा दोन शपथा माझ्या वाट्याला आल्या. एक मोडली, एक पाळली. आईबापांचं भांडण झालं की पोरं मधे सापडतात म्हणतात. मी त्यांच्या मायेच्या मधे सापडले होते, आणि ते जास्त अवघड होतं. आज दोघंही नाहीत, आता बोलायला कुणाची हरकत नाही, तर ऐकायला कुणी नाही. तो पडदा, तो ठसका, ती शीळ यांची इतकी आठवण येते की कधीकधी रिकाम्या घरात मी उगीच म्हणते, "आण्णा, तिला माहीत होतं हो."

राधानगरीचे फोटो छापून झाले. दुपारी मी कटरवर बसले होते आणि नेहमीसारखी कड वाकडी जात होती. आई आतून आली. हात पुसले. "ऊठ," ती म्हणाली, "वाटोळं करतीयास फोटोचं." मी उठले. ती फळीपुढे बसली, फोटो लावला, आणि पात्याच्या मुठीवर हात ठेवून तशीच थांबली. ओठ हलत होते, कुठल्या देवाला काय म्हणत होती कोण जाणे. मग तिनं पातं खाली ओढलं. खच्च! खुर्चीतल्या नंदूचे दोन्ही हात वर उडाले, डोळे विस्फारले, आणि तो जे हसत सुटला! अंधाऱ्या खोलीचं दार उघडून आण्णा बाहेर आले, हातांतून औषध ठिबकत होतं. पाच वर्षांत त्यांनी तो आवाज असा सरळ ऐकला नव्हता. आईकडे बघून ते म्हणाले, "म्हटलं न्हवतं तुला? कुठं काय न्हाय." आई मान वर न करता म्हणाली, "म्हटलं हुतं की." आणि दुसरा फोटो लावला.

आण्णा लहान पोरासारखे कॅमेऱ्याकडे धावले. मोठे बल्ब लावले, आम्हा तिघांना कटरसकट चौकटीत घेतलं आणि ओरडले, "हलू नका!" नंदू हसतच होता. फोटो छापून आला तेव्हा आई स्वच्छ, मी स्वच्छ, कटरचं पातं स्वच्छ, आणि नंदू हलला होता. फराट्यात फक्त हसणारं तोंड तेवढं कळत होतं. आण्णांनी निगेटिव्ह डेस्कवर ठेवली, पेन्सिलीला टोक काढलं आणि म्हणाले, "थांब, ह्याला बसवतो नीट." आईनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "त्यो हाय तसा ऱ्हाऊ द्या." आण्णा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना त्या वेळी काही कळलं का, ते मला शेवटपर्यंत विचारता आलं नाही. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

नंदू एकोणीस वर्षांचा होऊन गेला, एका पावसाळ्यात छातीत कफ भरून. पुण्याची खरी फिल्म आण्णांनी जुन्या काचेच्या निगेटिव्हच्या पेटीत ठेवली होती, ती आता माझ्याकडे आहे. नंदूचा न हललेला फोटो म्हणून घरात तेवढाच आहे, आणि त्यात त्याचा चेहरा नाही. तो कपाटात असतो. भिंतीवर लावलाय तो हललेला.